पूर्ण बंद झालेल्या हृदयधमनीतून तार कशी नेतात

अँजिओग्राफीच्या अहवालात ‘शंभर टक्के ब्लॉक’ असे वाचल्यावर बहुतेक नातेवाइकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हृदयाची एक धमनी पूर्ण बंद असताना हा माणूस स्वतःच्या पायांनी चालत तपासणीला आला तरी कसा. प्रश्न रास्त आहे. धमनी काही मिनिटांत अचानक बंद पडली तर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो आणि त्यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. पण तीच धमनी कित्येक महिन्यांत किंवा वर्षांत हळूहळू आवळत गेली, तर हृदयाला तयारीला वेळ मिळतो. एका धमनीचे क्षेत्र दुसरीच्या क्षेत्राशी जोडणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्या हृदयात मुळातच असतात. एकीकडचा दाब घटला की त्यांच्यातला प्रवाह वाढतो, त्या रुंदावतात आणि शेजारच्या धमनीचे रक्त अडथळ्याच्या पलीकडे पोहोचवू लागतात. या जोडवाहिन्यांवर स्नायू जगतो, पण त्यांची कुवत मर्यादित असते. विश्रांतीत पुरणारे रक्त जिना चढताना कमी पडते आणि मग छातीत दाटून येणे, दम लागणे, पूर्वी सहज होणारी कामे टाळावीशी वाटणे अशी लक्षणे दिसू लागतात. काही रुग्णांच्या बाबतीत मध्यंतरी एखादा झटका येऊन गेलेला असतो आणि तो त्यांना कळलेलाही नसतो.

धमनी पूर्णपणे बंद आहे, अडथळ्यातून पुढे रक्त मुळीच जात नाही आणि ही अवस्था किमान ३ महिने जुनी आहे, असे तिन्ही निकष जुळले की डॉक्टर त्या अडथळ्याला ‘क्रॉनिक टोटल ऑक्लुजन’ किंवा थोडक्यात ‘सीटीओ’ म्हणतात. हृदयधमन्यांच्या आजारासाठी अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांमध्ये साधारण पाचांत एकाला असा किमान एक अडथळा आढळतो, म्हणजे हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. त्यावर औषधे, बायपास आणि अँजिओप्लास्टी असे तीन मार्ग आहेत. या लेखाचा विषय तिसरा मार्ग आणि त्यातही त्याचा सर्वांत नाजूक भाग, म्हणजे बंद धमनीतून आरपार जाणारी तार, हा आहे.

नव्वद टक्के आणि शंभर टक्के यांतला फरक

आकडे पाहिले तर ९० टक्के आणि १०० टक्के अडथळ्यांत फार अंतर वाटत नाही. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामे आहेत. नव्वद टक्के अरुंद झालेल्या धमनीत वाट चिंचोळी असली तरी ती असते. अशा ठिकाणी मऊ टोकाची तार हलक्या हाताने फिरवत पुढे सरकवली की ती बहुधा रक्ताच्या प्रवाहाबरोबर काही मिनिटांत पलीकडे जाते. त्या तारेवरून फुगा नेता येतो, फुग्याने जागा रुंद करता येते आणि शेवटी स्टेंट बसवता येतो. शंभर टक्के अडथळ्यात मुळात वाटच नसते. ती तारेने शोधावी किंवा तयार करावी लागते, आणि ती धमनीच्या पोकळीतच राहावी याची काळजी घ्यावी लागते. तार योग्य जागी पलीकडे पोहोचली, की पुढचे काम बहुतांशी नेहमीच्या अँजिओप्लास्टीसारखेच असते. त्यामुळे सीटीओची अँजिओप्लास्टी अयशस्वी होण्याचे सर्वांत मोठे कारण ‘तार पार झाली नाही’ हेच राहिले आहे.

हृदयधमनीत फुगा फुगवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये केला, तेव्हा तार हा स्वतंत्र भागच नव्हता. फुग्याच्या टोकाला एक आखूड, न सुटणारा तुकडा जोडलेला असे आणि त्याला हवे तसे वळवता येत नसे. फुग्याच्या आतून स्वतंत्रपणे पुढे-मागे होणारी, बाहेरून फिरवून दिशा देता येणारी तार १९८२च्या सुमारास अमेरिकेत जॉन सिम्पसन यांच्या कामातून वापरात आली. माझ्या मते अँजिओप्लास्टीच्या इतिहासात स्टेंटला जितके श्रेय मिळते, त्याच्या निम्मेही या साध्या दिसणाऱ्या सुधारणेला मिळत नाही. बंद धमन्या उघडण्याचा पुढचा सारा प्रवास तिच्यावरच उभा आहे.

तारेची अंतर्रचना

हृदयधमनीत वापरल्या जाणाऱ्या तारेची जाडी साधारणपणे ०.०१४ इंच, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिमीटर असते आणि लांबी १८० ते १९० सेंटिमीटर. वरवर ती एकसंध दिसली तरी तिचे तीन-चार वेगळे भाग असतात. मधला गाभा पोलादाचा किंवा निकेल आणि टायटॅनियम यांच्या लवचीक मिश्रधातूचा असतो. तो टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून तारेचा मागचा भाग ताठ आणि पुढचा मऊ राहतो. पुढच्या भागावर अतिशय बारीक तारेची वेटोळी असते आणि तिच्यात क्ष-किरणांत ठळक दिसणारा प्लॅटिनमसारखा धातू असतो, कारण डॉक्टरांना हे सारे काम पडद्यावरच्या सावलीकडे पाहून करावे लागते. सर्वांत बाहेर एक लेप असतो. काही लेप ओले झाल्यावर अत्यंत निसरडे होतात, काही मुद्दाम कमी निसरडे ठेवलेले असतात, आणि काही तारांच्या टोकावर तर प्लास्टिकचे संपूर्ण वेष्टन असते.

या भागांची जुळवाजुळव बदलली की तारेचा स्वभाव बदलतो. सीटीओसाठीच्या तारांचा विचार करताना चार गुण पाहिले जातात. पहिला टोकाचा ताठपणा. टोकापासून १० मिलिमीटरवर तार पकडून ते टोक काट्यावर दाबले, तर ते वाकण्यासाठी जेवढे ग्रॅम बल लागते तेवढा तिचा ‘टिप लोड’. रोजच्या अँजिओप्लास्टीतल्या तारांचा टिप लोड बहुधा १ ग्रॅमपेक्षा कमी असतो. सीटीओसाठी बनवलेल्या सर्वांत ताठ तारांमध्ये तो १२ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. दुसरा गुण टोकाची जाडी. काही तारांचे टोक ०.००९ इंचापर्यंत, म्हणजे सुमारे ०.२३ मिलिमीटरपर्यंत निमुळते केलेले असते. तिसरा निसरडेपणा आणि चौथा, ज्याची चर्चा सर्वांत कमी होते पण ज्याच्यावर हात बसायला सर्वांत जास्त वेळ लागतो, तो म्हणजे पिळाला मिळणारा प्रतिसाद.

ताठपणा आणि जाडी यांचा एकत्रित परिणाम समजून घेण्यासारखा आहे. शिवताना अंगठ्याचा जोर तोच असला तरी सुईचे टोक कापडातून जाते आणि बोटावरचे अंगुस्तान जात नाही, कारण जोर किती क्षेत्रफळावर पडतो यावर सगळे अवलंबून असते. तारेचेही तसेच आहे. टोकाचा व्यास ०.३६ वरून ०.२३ मिलिमीटरवर आणला, तर क्षेत्रफळ घटते आणि तेवढ्याच बलाने पडणारा दाब जवळपास अडीच पट होतो. त्यात टिप लोड १ ग्रॅमऐवजी १२ ग्रॅम असेल, तर दर चौरस मिलिमीटरला पडणारा दाब सुमारे तीस पटींवर जातो. अशी तार कठीण, चुन्याने (म्हणजे साठलेल्या कॅल्शियमने) भरलेला अडथळा भेदू शकते; पण तोच दाब धमनीच्या निरोगी भिंतीवर पडला तर भिंतही भेदली जाते. ताठ तार स्वतःहून अडथळा आणि भिंत यांत फरक करत नाही.

पिळाच्या प्रतिसादाचे महत्त्व तारेचे टोक वाकडे असण्यात आहे. सीटीओच्या तारेच्या टोकाला जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा, ३० ते ४५ अंशांचा बाक दिलेला असतो. बाहेर, सुमारे दीड मीटर अंतरावर, डॉक्टरांनी बोटांनी तार जितकी फिरवली तितकेच टोकही फिरले, तर बाक हव्या त्या दिशेला वळवता येतो. जुन्या तारांत मात्र पिळ वाटेतच साठत असे आणि मग टोक अचानक उडी मारून भलतीकडे वळत असे. दाट ऊतीत रुतलेल्या टोकाच्या बाबतीत ही उडी धोकादायक ठरते. ही अडचण दूर करण्यात जपानमधल्या असाही इंटेक या कंपनीचा मोठा वाटा आहे. उद्योगधंद्यांसाठी लागणारे अतिबारीक पोलादी दोर वळण्यापासून तिची सुरुवात झाली होती. गाभ्याची आणि त्याभोवतीच्या वेटोळ्यांची रचना बदलून पिळ टोकापर्यंत जसाच्या तसा पोहोचवण्याचे तंत्र तिथे विकसित होत गेले, आणि आजच्या सीटीओ तारांपैकी अनेक प्रसिद्ध तारा तिथल्याच आहेत.

अडथळ्याच्या आत काय असते

बंद धमनी म्हणजे एकसारख्या दगडी बुचाने भरलेली नळी, ही समजूत चुकीची आहे. अडथळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे रक्ताचा दाब ज्या बाजूने आदळत असतो त्या बाजूला, घट्ट तंतुमय ऊतीची एक टोपी तयार होते. तिच्यात पुष्कळदा चुनाही साठलेला असतो. दुसऱ्या टोकालाही अशीच टोपी असते, पण ती बहुधा पातळ आणि मऊ असते. मागून शिरण्याचा जो मार्ग पुढे येईल, त्याचे एक मर्म याच फरकात आहे. दोन टोप्यांच्या मध्ये जुनी गुठळी हळूहळू तंतुमय ऊतीत रूपांतरित झालेली असते. कुठे ती सैल असते, कुठे दाट, कुठे चुन्याचे खडे असतात आणि कुठे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या. या वाहिन्यांचा व्यास बहुधा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतका असतो आणि त्यातल्या बऱ्याच अँजिओग्राफीत दिसतही नाहीत. अडथळा जितका जुना, तितका त्यातला चुना वाढत जातो.

याचा अर्थ असा, की एकाच अडथळ्याच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी वेगवेगळ्या गुणांची तार लागू शकते, आणि एकच उत्तम तार शोधण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. सुरुवातीला अनेकदा फील्डर एक्सटीसारखी तार घेतात. तिचे टोक निमुळते आणि प्लास्टिकच्या वेष्टनामुळे निसरडे, पण टिप लोड १ ग्रॅमच्या आतबाहेर असतो. सूक्ष्म वाहिनी किंवा सैल ऊतीचा पट्टा सापडला तर ती जोर न लावता सरकत जाते. ती अडली, की डॉक्टर टोपीकडे पुन्हा पाहतात. टोपीला स्पष्ट खळगा असेल आणि पुढचा मार्ग कळत असेल, तर गाया मालिकेतल्या तारेसारखी मध्यम ताठ आणि दिशा नीट पाळणारी तार घेतात. टोपी फारच कठीण असेल तर कॉन्फियान्झा प्रो १२सारखी सर्वांत भेदक तार थोड्या अंतरापुरती वापरतात. या तारेवर निसरडा लेप असला तरी अगदी टोकावर तो मुद्दाम दिलेला नसतो, कारण टोपीवरून टोक घसरू नये, ते तिथे रुतावे, अशी अपेक्षा असते. मार्ग लांब, वळणावळणाचा आणि नीट न कळणारा असेल, तर पायलट २००सारखी ताठ पण निसरडी तार उपयोगी पडते, कारण ती ऊतीतली कमी विरोधाची वाट स्वतः शोधत जाते.

या क्रमातली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे आणि बाहेरच्या माणसाला ती सहसा सांगितली जात नाही. ताठ तारेने टोपी भेदली, की तीच पुढे रेटायची नसते; ती काढून पुन्हा मऊ तार घ्यायची असते. टोपीच्या पलीकडे ऊती सैल असेल तर तिथे १२ ग्रॅमचे टोक भिंतीत शिरण्याचीच शक्यता जास्त. एका दिशेने सतत फिरवत राहणेही टाळले जाते, कारण टोक रुतलेले असताना पिळ साठत गेला तर तार तुटूही शकते.

अशी वारंवार अदलाबदल शक्य होते ती मायक्रोकॅथेटरमुळे. १ मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची ही पोकळ नळी तारेवरून अडथळ्याजवळ नेऊन ठेवतात. तिच्यामुळे तारेला पाठबळ मिळते, मिळवलेली जागा न गमावता तार बदलता येते आणि टोकाचा नाजूक बाकही टिकतो. नळी टोकाच्या जितकी जवळ आणली, तितका तारेचा मोकळा भाग आखूड होतो आणि टोक अधिक ताठ वागू लागते, त्यामुळे एकाच तारेकडून कमी-जास्त जोर काढता येतो. नुसत्या तारेने सीटीओवर काम करणे आज जवळजवळ कुणीच योग्य मानत नाही.

तार कुठे आहे हे कसे कळते

तार बंद भागात शिरली, की तिथे रक्त नसल्यामुळे क्ष-किरणांत दिसणारे रंगद्रव्यही पोहोचत नाही आणि धमनीचा पुढचा भाग पडद्यावर दिसत नाही. म्हणून दोन कॅथेटर, म्हणजे धमनीच्या मुखापर्यंत नेलेल्या लांब पोकळ नळ्या, वापरतात: एक बंद धमनीच्या मुखाशी आणि दुसरा जोडवाहिन्या पुरवणाऱ्या धमनीच्या मुखाशी. दोन्हीकडून रंगद्रव्य सोडले, की अडथळ्याची सुरुवात एका बाजूने आणि शेवट दुसऱ्या बाजूने दिसतो. त्यामुळे मधल्या अंतराची लांबी कळते आणि तारेचे टोक त्या काल्पनिक रेषेवर आहे की बाजूला गेले आहे, हे निरनिराळ्या कोनांतून तपासता येते. एका कोनातून टोक अगदी धमनीच्या मध्यावर दिसते आणि काटकोनातून पाहिल्यावर ते बाहेर असल्याचे कळते, असे घडू शकते. कुठल्याही नळीतून किंवा फुग्यातून पुढे जाण्याआधी ही खात्री करणे अनिवार्य आहे, कारण तारेने पडलेले सूक्ष्म छिद्र बऱ्याचदा आपोआप बुजते, पण त्याच छिद्रातून फुगा नेला तर ते मोठी फाट होते. जिथे धमनीची सुरुवातच दिसत नाही, तिथे शेजारच्या फाट्यात ध्वनिलहरींनी चित्र घेणारी बारीक नळी ठेवून टोपीची जागा शोधली जाते. आधी काढलेल्या सीटी अँजिओग्राफीतून चुन्याचे प्रमाण आणि धमनीची वळणे समजू शकतात.

काम किती अवघड जाईल याचा अंदाज बांधण्यासाठी जपानमधल्या अनेक केंद्रांच्या नोंदींवरून २०११ मध्ये ‘जे-सीटीओ’ गुणपद्धत मांडली गेली. टोपी बोथट असणे, अडथळ्यात चुना असणे, ४५ अंशांहून अधिक वळण असणे, अडथळ्याची लांबी २० मिलिमीटर किंवा जास्त असणे आणि पूर्वीचा प्रयत्न फसलेला असणे, अशा प्रत्येक बाबीला एक गुण. शून्य म्हणजे सोपे, ३ किंवा अधिक म्हणजे फार अवघड. तीस मिनिटांत तार पार होईल का, हा त्यामागचा मूळ प्रश्न होता.

भिंतीतून आणि मागच्या दाराने

धमनीची भिंत तीन थरांची असते. तार पुष्कळदा पोकळीतून सरकून आतल्या थराखाली, भिंतीच्या थरांमध्ये शिरते. पूर्वी असे झाले की ती मागे घेऊन पुन्हा प्रयत्न करत. नंतर काही डॉक्टरांनी वेगळा विचार केला: भिंतीचा बाहेरचा थर चांगला ताणला जातो, मग भिंतीतल्याच जागेतून अडथळ्याला वळसा घालून पलीकडच्या पोकळीत पुन्हा का उतरू नये? या पद्धतीत निसरड्या तारेचे टोक मुद्दाम दुमडून त्याचा फास करतात आणि तो फासच पुढे ढकलतात. ऐकायला हे भीतिदायक वाटते. पण बोथट फास भिंतीचे थर विलग करत सरकतो आणि टोकदार तारेप्रमाणे बाहेरचा थर सहसा भेदत नाही. लांब अडथळ्यात ताठ तार रेटण्यापेक्षा ही पद्धत अनेकदा सुरक्षित ठरते. पलीकडे पोहोचल्यावर पोकळीत परत उतरण्यासाठी चपट्या आकाराचा एक खास फुगा वापरतात. तो भिंतीच्या थरांत आडवा बसतो, त्याच्या दोन विरुद्ध बाजूंना छिद्रे असतात आणि त्यांतल्या पोकळीकडे तोंड असलेल्या छिद्रातून बारीक टोकाची तार आत खुपसतात.

दुसरा मार्ग मागून येण्याचा. ज्या जोडवाहिन्यांनी इतकी वर्षे स्नायू जगवला, त्यांतूनच तार उलट दिशेने अडथळ्याच्या शेवटाकडे नेतात, जिथली टोपी बहुधा मऊ असते. इथे मात्र ताठपणा अजिबात चालत नाही. जोडवाहिन्या नागमोडी आणि अतिशय नाजूक असतात, म्हणून त्यांच्यासाठी अगदी मऊ तारा लागतात. त्यांतल्या एकीचा टिप लोड तर अवघा ०.३ ग्रॅम आहे. दोन खालच्या कप्प्यांमधल्या स्नायूच्या पडद्यातून जाणाऱ्या वाहिन्यांना पहिली पसंती असते, कारण त्यातली एखादी फाटली तरी रक्त बहुधा स्नायूतच अडते. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणारी वाहिनी फाटली तर ते रक्त थेट हृदयाभोवतीच्या पिशवीत जमते. अनेकदा पुढून आणि मागून आलेल्या दोन तारा अडथळ्यात समोरासमोर येतात पण वेगवेगळ्या थरांत असतात. तेव्हा फुगा फुगवून त्या दोन जागा एकत्र करतात. या कल्पनेचे पहिले रूप ओसामु कातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. आज तिचे उलट रूप, ज्यात फुगा पुढच्या तारेवरून नेला जातो, अधिक वापरले जाते. मागून आलेली तार शेवटी पुढच्या कॅथेटरमध्ये शिरवून सुमारे ३३० सेंटिमीटर लांबीच्या एका बारीक तारेशी बदलतात. तिचे एक टोक एका कॅथेटरमधून आणि दुसरे टोक दुसऱ्यातून शरीराबाहेर असते, आणि अशा आरपार ताणलेल्या तारेवरून फुगा व स्टेंट नेणे बरेच सोपे जाते.

कुठला मार्ग आधी घ्यायचा आणि तो कधी सोडायचा, याची चौकट उत्तर अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटाने २०१२ मध्ये ‘हायब्रिड’ या नावाने मांडली. टोपीची स्पष्टता, अडथळ्याची लांबी, पलीकडच्या धमनीचा दर्जा आणि वापरण्याजोग्या जोडवाहिन्या, अशा चार गोष्टी पाहून सुरुवात ठरते, आणि एक मार्ग चालत नसेल तर तासभर त्याच्याशी झुंजण्याऐवजी लवकर दुसऱ्यावर जायचे असते. सरावलेल्या केंद्रांत आज यशाचे प्रमाण साधारण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. सराव कमी असलेल्या ठिकाणी ते बरेच खाली असते, म्हणून असा सल्ला मिळाल्यावर डॉक्टर हे काम नियमित करतात का, हे विचारण्यात कुठलाही उद्धटपणा नाही.

धोके आणि लाभ

सरावलेल्या केंद्रांतही गंभीर गुंतागुंत १००पैकी साधारण २ ते ३ रुग्णांमध्ये होते, म्हणजे नेहमीच्या अँजिओप्लास्टीपेक्षा अधिक. धमनीला छिद्र पडून हृदयाभोवती रक्त साचणे हा त्यातला सर्वांत भीतीचा प्रकार. साचलेल्या रक्ताच्या दाबाने हृदय नीट भरेनासे होते आणि ते रक्त सुईने तातडीने काढावे लागते. छिद्र बुजवण्यासाठी आवरण असलेला स्टेंट किंवा बारीक धातूची वेटोळी वापरतात. इथे एक विरोधाभास आहे: छिद्र नेहमीच ताठ तारेने पडते असे नाही. निसरडी तार लक्ष नसताना दूरच्या एखाद्या बारीक फाट्यात घुसूनही छिद्र करू शकते, म्हणून अडथळा पार झाला की ती काढून साधी तार ठेवण्याचा शिरस्ता आहे. मागच्या मार्गात रक्त पुरवणाऱ्या धमनीला इजा होण्याचा किंवा तिच्यात गुठळी होण्याचा धोका असतो. त्यामुळे रक्त पातळ राहते आहे ना, हे दर अर्ध्या तासाने तपासतात. रंगद्रव्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो, आणि दोन-तीन तास चालणाऱ्या कामात क्ष-किरणांची मात्रा ५ ग्रे (हे त्या मात्रेचे एकक) याच्या पुढे गेली तर पाठीच्या त्वचेवर नंतर चट्टा उमटतो का, यावर लक्ष ठेवावे लागते.

मग हे सारे करावे कशासाठी? युरोपातल्या युरोसीटीओ या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, ३९६ रुग्णांची विभागणी केवळ औषधे आणि औषधांसह अँजिओप्लास्टी अशी केली होती. वर्षानंतर छातीतल्या वेदनेपासून पूर्ण मुक्त असलेल्यांचे प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात सुमारे ७२ टक्के आणि औषधांच्या गटात सुमारे ५८ टक्के होते. दुसरीकडे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिसिजन-सीटीओ चाचणीत मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा नंतर करावी लागलेली अँजिओप्लास्टी वा बायपास या एकत्रित निकषावर दोन गटांत फरक दिसला नाही. त्या चाचणीत रुग्णभरती संथ होती आणि औषधांच्या गटातल्या अनेकांनी पुढे अँजिओप्लास्टी करून घेतली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दोन्ही चाचण्या एकत्र ठेवल्या तर चित्र असे दिसते, की त्रास कमी होण्यासाठी या उपचाराला आधार आहे, आयुष्य वाढण्यासाठी तसा ठोस आधार नाही. युरोपच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना औषधांनी न थांबणाऱ्या त्रासासाठी याचा विचार करावा असे सांगतात. अमेरिकेच्या २०२१च्या सूचना अधिक सावध असून लाभ अनिश्चित मानतात. मला सावध बाजू पटते, विशेषतः ज्याला काहीच त्रास नाही अशा रुग्णाच्या बाबतीत. केवळ अहवालातला शंभर टक्के हा आकडा पुसण्यासाठी दोन तास तारा फिरवणे समर्थनीय नाही. याउलट पुरेशा औषधांनंतरही थोडे चालल्यावर थांबावे लागत असेल आणि त्या भागातला स्नायू जिवंत असल्याचे तपासणीत दिसत असेल, तर नकारालाही तितकेच ठोस कारण हवे.

तार पार न होता काम थांबवावे लागले, तरी तो प्रयत्न वाया गेला असे दरवेळी नसते. क्ष-किरणांची किंवा रंगद्रव्याची मर्यादा जवळ आली, की अनुभवी डॉक्टर भिंतीतल्या वाटेवर फुगा फुगवून, स्टेंट न बसवता मुद्दाम थांबतात. पुढच्या काही आठवड्यांत भिंतीला झालेली इजा बऱ्याच अंशी भरून येते, काही वेळा त्या वाटेतून थोडे रक्तही वाहू लागते, आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न केला की आधी अडलेली तार पुष्कळदा पार होते. म्हणून पहिल्या खेपेनंतर ‘जमले नाही’ असे कळल्यावर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: काम नेमके कुठे अडले, आणि वाट पुढच्या प्रयत्नासाठी तयार करून ठेवली आहे का.